दहा पिल्लं आणि पाण्याचं एक ताट : परसातल्या कोंबड्यांच्या पहिल्या वर्षाचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

हे प्रकरण तिघांच्या कुटुंबाचं आहे. आई, वडील आणि अकरा वर्षांची मुलगी. घरामागे तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद मोकळी जागा. तिघांपैकी कुणीही याआधी पोपटसुद्धा पाळला नव्हता. मी त्यांच्या ओळखीतली. बरीच वर्षं कोंबड्या पाळते, पण पशुवैद्य नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे एका ठिकाणी माझाच सल्ला चुकला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तारखा आणि आकडे मात्र मुलीच्या वहीतले. ती रोज रात्री दोन-तीन ओळी लिहायची, आणि ती वही नसती तर या लेखात नुसत्या आठवणी उरल्या असत्या.

सुरुवातीला त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक दिवसाची पिल्लं आणायची, किंवा सोळा-अठरा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या. मी म्हटलं होतं, चार तलंगा आणा. तलंगांना कृत्रिम ऊब लागत नाही, त्यांच्या लसी झालेल्या असतात आणि महिन्या-दीड महिन्यात अंडं दिसतं. पण मुलीला पिल्लं हवी होती. शिवाय हातात वाढलेली पिल्लं माणसाळतात, हेही खरंच. शेवटी दहा पिल्लं आली. सगळी माद्या म्हणून निवडलेली, उबवणी केंद्रातच मरेक्स या विषाणूजन्य आजाराची लस टोचलेली.

दहा का, असं विचारल्यावर वडील म्हणाले, “दोन-चार जातील असं धरून.” हे वाक्य मी अनेक नवशिक्यांकडून ऐकलंय आणि मला ते आवडत नाही. मरतुक आधीच हिशेबात धरली, की पिल्लू गेल्यावर ते का गेलं हे शोधायची घाई राहत नाही.

खुराडं वडील स्वतः बांधणार होते. पिल्लं निदान पाच-सहा आठवडे घरातच असतात, तोवर होईल, असा हिशेब. खुराड्याला नऊ आठवडे लागले.

## पहिले दहा दिवस

पिल्लांसाठी पुठ्ठ्याचं मोठं खोकं, खाली वर्तमानपत्र, वर बल्ब. संध्याकाळी सगळं छान दिसत होतं. वहीतली पहिली नोंद अशी : “रात्री सगळी बल्बखाली एकमेकांवर चढून झोपली. सकाळी एक उठलं नाही.”

बल्ब एलईडी होता. प्रकाश भरपूर, ऊब जवळजवळ नाही. तापणारे पिवळे बल्ब आता किती घरांत असतात? कुणी सांगितलं ‘बल्ब लावा’, यांनी लावला. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जुना बल्ब होता, ऐकणाऱ्याच्या घरात नवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. त्या रात्री खोक्यात किती होतं कोण जाणे. थर्मामीटर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी घाबरून २५० वॉटचा उष्णतेचा दिवा आला आणि पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर टांगला गेला. आता पिल्लं कोपऱ्यात जाऊन, चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून धापा टाकायला लागली. आईने फोटो पाठवला. मी उलट फोन करून आधी दिवा वर घ्यायला लावला, कारण मला पिल्लांइतकीच आगीची भीती वाटली. मग दिवा साखळीने उंच टांगला, साखळी सुटलीच तर म्हणून दुसरी तार बांधली, आणि खोक्याच्या एका टोकालाच ऊब राहील असं केलं. म्हणजे गारठलं की दिव्याखाली यायचं, तापलं की दूर जायचं, हे पिल्लांनीच ठरवावं.

ही एक गोष्ट मुलगी पटकन शिकली. थर्मामीटर आणला तरी ती आधी पिल्लांकडे बघायची. ढीग करून चिवचिवाट करत असतील तर थंडी, कडेला पांगून धापा टाकत असतील तर उकाडा, सगळी एकाच बाजूला दबली असतील तर कुठून तरी वारा शिरतोय. खोकंभर पसरून आपापल्या उद्योगात असतील तर हात लावायचा नाही.

वर्तमानपत्रावर पाय घसरतात, म्हणून ते काढून रंध्याचा भुसा टाकला. एका पिल्लाच्या शेपटीखाली शीट चिकटून वाळली होती, ती कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवली. हे सगळं नेहमीचंच. पाणी पसरट ताटात ठेवलं होतं आणि त्यात गोटे टाकले होते, पिल्लू पाण्यात पडून बुडू नये म्हणून. पहिल्या आठवड्यासाठी ही योग्य काळजी होती. ते ताट लक्षात ठेवा.

## अडचण

सव्विसाव्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. “ताई, एक पिल्लू डोळे मिटून उभंय. पिसं फुलवून. बाकीची खातायत, हे नुसतं उभं.”

“शीट बघितलीस?”

“सगळ्यांची एकातच. कळत नाही.”

मी म्हटलं, “वेगळं ठेव आणि उद्यापर्यंत बघ.”

इथे मी चुकले. दहा-बारा दिवसांच्या पिल्लाबाबत हे कदाचित चाललं असतं. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू, दमट खोकं आणि फुललेली पिसं, हे तिन्ही एकत्र असताना ‘उद्या बघू’ म्हणायचं नसतं. खोकं दमट आहे का, हे मी विचारलंसुद्धा नाही.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी वेगळ्या ठेवलेल्या पिल्लाखालच्या कागदावर रक्त दिसलं. वहीत मुलीने लाल पेनाने एक ठिपका काढलाय, बाकी काही लिहिलेलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी ते पिल्लू गेलं. दुपारी आणखी एक गेलं, जे आदल्या रात्रीपर्यंत बरं दिसत होतं. राहिली सात, त्यांतली तीन मलूल.

## समोर असलेले पर्याय

त्या सकाळी घरात वाद झाला, आणि तो नीट सांगण्यासारखा आहे. कारण प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी पटण्यासारखं होतं.

वडिलांचं मत : घरात ताप-खोकल्यासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्यात, त्यांचा चुरा पाण्यात द्यावा. निदान काहीतरी केल्यासारखं होईल.

शेजारच्यांनी एक घरगुती काढा सुचवला होता. तो देऊन नुकसान काय, असं आजीचं फोनवरून म्हणणं.

आईला वाटत होतं, मलूल पिल्लं वेगळी काढावीत आणि औषध फक्त त्यांनाच द्यावं. बऱ्या पिल्लांच्या पोटात उगाच औषध कशाला?

मुलगी म्हणाली, डॉक्टरकडे शीट नेऊ या. आपण आजारी पडलो की नेतात ना तशी.

निर्णय मुलीच्या बाजूने लागला. पण तो तिच्या युक्तिवादामुळे नाही. त्या दिवशी रविवार होता, वडील घरी होते आणि गाडी काढता आली. हे मुद्दाम लिहितेय. प्रकरण अभ्यासात निर्णय नेहमी विचारपूर्वक घेतल्यासारखे दिसतात. यातले निम्मे तसे नसतात.

## काय केलं

पशुवैद्यांनी शीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि पाच मिनिटांत सांगितलं : कॉक्सिडिओसिस. बोलीत रक्ती हगवण. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरात घुसून वाढतो आणि ते अस्तर फाडतो. तो जिवाणू नाही, म्हणून घरात उरलेल्या गोळ्यांचा इथे काही उपयोग झाला नसता. त्यांनी ॲम्प्रोलियम दिलं. मात्रा त्यांनी ठरवली. पाण्यातून, सगळ्या सात पिल्लांना, पाच दिवस, आणि त्यानंतर काही दिवस कमी प्रमाणात.

सगळ्यांना का, तर जे एकाच भुशात चोच मारतात त्या सगळ्यांच्या पोटात हा परजीवी गेलेला असतो. मलूल दिसणं ही नंतरची पायरी. आणि पाण्यातून का, तर आजारी पिल्लू खाणं सोडतं पण बऱ्याच वेळा पाणी पीत राहतं.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नसता. “पाण्यात अजून काय घालताय?” आई दोन दिवस ताकद यावी म्हणून बी कॉम्प्लेक्सचे थेंब घालत होती. ते लगेच बंद करायला सांगितलं. ॲम्प्रोलियमची रचना थायमिनसारखी, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवी थायमिन समजून ते घेतो आणि उपाशी मरतो. आपण वरून खरं थायमिन ओतत राहिलो तर औषधाचा जोर कमी होतो. औषधाचा कोर्स संपल्यावर जीवनसत्त्वं द्या, म्हणाले.

त्याच संध्याकाळी सगळा भुसा काढून नवा टाकला. इथपर्यंत ठीक.

तिसाव्या दिवशी मी स्वतः गेले. पिल्लं सुधारत होती, औषध वेळेवर चाललं होतं, घरात हायसं वाटत होतं. मी खोक्यात हात घालून ताटाजवळचा मूठभर भुसा उचलला आणि आवळला. मूठ उघडली तर त्याचा लाडू तसाच राहिला, बोटांच्या फटीतून पाणी ओघळलं. कोरडा भुसा मूठ उघडताच सुटून पडतो. हा भुसा जेमतेम दोन दिवसांचा होता.

मग आम्ही तिघी खाली बसून नुसतं बघत राहिलो. महिन्याभराचं पिल्लू धावत आलं, दोन्ही पाय ताटात. प्यायलं, बाहेर उडी मारली, पंख झटकले. दुसरं आलं, त्याने काठावर उभं राहून ताटातच शीट टाकली. तिसऱ्याने भुसा उकरता उकरता तो पाण्यात उडवला. दहा मिनिटांत सात पिल्लांनी ताटाभोवती हातभर चिखल केला.

रक्ती हगवणीचं सगळं गणित त्या चिखलात होतं. शीटेतून पडणारी परजीवीची बीजं लगेच बाधत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. दिव्याखालचा ओला भुसा म्हणजे तिन्ही गोष्टी एकत्र. साध्या जंतुनाशकांना ही बीजं दाद देत नाहीत. कोरडेपणा हाच खरा उपाय. औषध पिल्लाच्या पोटातला परजीवी आवरत होतं आणि ताट खाली नवा पिकवत होतं.

आणि ताट मुळात चुकीचं नव्हतंच. पहिल्या आठवड्यातल्या, चिमणीएवढ्या पिल्लासाठी ते बरोबर होतं. चौथ्या आठवड्यात पिल्लू चौपट झालं आणि ताट तेच राहिलं. या प्रकरणात पुन्हा पुन्हा हेच दिसतं. चूक करण्यापेक्षा बरोबर असलेली गोष्ट वेळेत न बदलणं जास्त महागात पडलं. खोकंही तेच होतं, दहा चिमुकल्यांसाठी ऐसपैस, सात वाढत्या पिल्लांसाठी कोंडवाडा.

त्या दुपारी उलटी बाटली बसवायचं पाण्याचं भांडं विटांवर ठेवलं. कड पिल्लांच्या पाठीच्या उंचीला येईल इतकं वर. पिणारं पिल्लू मान उचलून पितं, पाय घालू शकत नाही. दोन खोकी जोडून जागा दुप्पट केली. मुलीच्या वहीत त्या दिवसापासून एक नवा रकाना दिसतो : “मूठ – सुटली / लाडू.” पुढच्या दोन आठवड्यांत एकदाच लाडू आहे.

त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही.

## खुराडं, कोंबडा आणि खाद्य

उरलेलं मी जरा भरभर सांगते.

वडिलांनी खुराड्याला षटकोनी छिद्रांची पातळ जाळी लावली होती. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्या-मांजराला बाहेर ठेवत नाही. सगळी जाळी बदलायची त्यांची तयारी नव्हती. तडजोड म्हणून खालचे तीन फूट अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली, आणि तीच जमिनीलगत फूटभर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीच्या पायाशी उकरतं, तिथेच त्याच्या पंजाला जाळी लागते. चौथ्या महिन्यात एका सकाळी तिथे उकरल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, जाळी उघडी पडलेली. आत सगळ्या सुखरूप. त्यानंतर वडिलांनी वरची जाळीही बदलली, मला न सांगता.

नवव्या आठवड्यात ‘राणी’ नावाच्या कोंबडीने बांग दिली. एक दिवसाच्या पिल्लांची नर-मादी ओळख तरबेज हातांनाही दर वेळी अचूक जमत नाही. खरं तर सहाव्या आठवड्यापासूनच तिचा तुरा बाकींपेक्षा मोठा आणि लाल होता, पण नाव ठेवल्यावर कोण बघतं? कोंबड्यांना अंडी घालायला कोंबडा लागत नाही, तो लागतो पिल्लांसाठी. शेजारी पहाटे चारच्या बांगेला वैतागले होते. ठेवायचा, द्यायचा की कापायचा, यावर घरात आठवडाभर अबोला होता. शेवटी मोठं शेत असलेल्या एकांकडे तो गेला. मुलीने वहीत राणीचा राजा केला आणि पान उलटलं.

चौदाव्या आठवड्यात वाढीच्या खाद्याचं पोतं संपलं. “आता मोठ्याच दिसतात,” म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य आणलं. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, टरफलासाठी. वाढत्या तलंगेला एखादा टक्का पुरतो. जास्तीचा भार तिच्या मूत्रपिंडांवर पडतो. ताटाच्या वेळी बदल उशिरा झाला होता, इथे घाईने झाला. चार दिवसांत लक्षात आलं, पोतं बाजूला ठेवलं, आणि पहिलं अंडं दिसल्यावरच उघडलं.

## निष्पत्ती

एकशे एकोणपन्नासाव्या दिवशी, म्हणजे बाविसाव्या आठवड्यात, पहिलं अंडं मिळालं. लिंबाएवढं. दुसरं बिनटरफलाचं, हातात घेतल्यावर पाण्याच्या फुग्यासारखं. सुरुवातीला असं होतं. तरीही शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. लागेल तशी कोंबडी आपण होऊन खाते.

दहापैकी सहा कोंबड्या अंड्यावर आल्या. तीन पिल्लं मेली, एक कोंबडा निघाला. सर्वांत चांगल्या आठवड्यात चौतीस अंडी झाली. सहा जणी मिळून महिन्याला वीसेक किलो खाद्य खातात. अंडी स्वस्त पडतात का, असा हिशेब वडिलांनी एकदा मांडला. खुराड्याचं सामान धरल्यावर उत्तर आवडलं नाही, म्हणून पुन्हा मांडला नाही.

मुलीला पिल्लांच्या डोक्याचे मुके घ्यायची सवय होती. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो. आता परसाच्या दारातच साबण ठेवलाय.

## वेगळं काय करता आलं असतं

खुराडं आधी, पिल्लं नंतर. हे तिघांनाही मान्य आहे. खुराडं सहाव्या आठवड्यात तयार असतं तर पिल्लं तीन आठवडे आधी जमिनीवर गेली असती. पण ते असतं तरी अठ्ठाविसाव्या दिवसाची पिल्लं वाचली नसती, म्हणून सगळा दोष खुराड्याला देणं मला पटत नाही.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी रिकाम्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या खोक्यात, दिवा लावून, थर्मामीटर ठेवून रात्रभर चालवून बघायला हवं होतं. एलईडीचा घोळ तिथेच उघड झाला असता, आणि पहिल्या रात्रीचं पिल्लू बहुधा वाचलं असतं.

सव्विसाव्या दिवशी मी ‘उद्या बघ’ऐवजी ‘भुसा आवळून बघ, आणि आजच शीट ने’ म्हणायला हवं होतं. दोनपैकी निदान एक वाचलं असतं, असं मला वाटतं. आता कुणी फुललेल्या पिसांचं पिल्लू म्हणून फोन केला, की माझा पहिला प्रश्न पिल्लाबद्दल नसतोच. पाणी कशात ठेवलंय आणि किती उंचावर, हे विचारते.

पिल्लं की तलंगा, यावर अजून एकमत नाही. आई म्हणते, पुढच्या वेळी तलंगाच. मुलगी ऐकत नाही. वडील कुंपणावर.

तेवढ्यात दहाव्या महिन्यात एक कोंबडी खुडूक झाली. अंडी देणं बंद, दिवसभर पेटीत पसरून बसलेली, हात नेला की फुगून गुरगुरते. तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवलं असतं तर पोटाची ऊब उतरून ती बहुधा ताळ्यावर आली असती. दुसरा मार्ग, तिच्याखाली फलित अंडी ठेवायची आणि एकवीस दिवस मोजायचे. मुलीने अर्थातच दुसरा निवडला. राजा गेला त्याच शेतावरून आठ अंडी आणली, एकाच रात्री तिच्याखाली सरकवली. सातव्या रात्री अंधारात बॅटरीवर धरून पाहिली. पाचांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तीन कोरी होती, ती काढून टाकली.

आज नववा दिवस. या वेळी दिवा, साखळी, थर्मामीटर काहीच लागणार नाही, कोंबडीच सगळं बघेल. मुलीने तरी पाण्याची दोन भांडी धुऊन ठेवली आहेत. एक बसकं, गोटे टाकलेलं. दुसरं टांगायचं, आणि त्याच्या दोरीला आत्ताच चार गाठी मारल्यात, दर आठवड्याला एक गाठ वर घ्यायची म्हणून.